बालआरोग्याचे ऑनलाइन पाठ : प्रकल्प नोंदी, पुणे, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून

बालरोग विभागात पोस्टिंगला येणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी चार ऑनलाइन पाठ करायचे ठरले: श्वास मोजणं, जुलाब आणि डिहायड्रेशन, वाढीचा तक्ता, औषधाचा डोस. हेच चार निवडले, कारण चारही ठिकाणी काहीतरी मोजावं लागतं, आणि मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

व्याख्यानाचं चित्रीकरण करून चढवायचं नाही. चाळीस मिनिटांचं व्याख्यान मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिलं जात नाही, आणि पाहिलं तरी नजर तयार होत नाही. प्रत्येक पाठात आधी क्लिप, मग प्रश्न, उत्तर दिल्यावरच स्पष्टीकरण, आणि शेवटी वॉर्डात जाऊन करायचं एक काम. स्पष्टीकरण आधी दिलं की विद्यार्थी मान डोलावतो. आधी आकडा लिहायला लावला की लक्षात येतं, समोर होतं ते त्याला दिसलंच नव्हतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात ‘माहीत आहे’, ‘कसं करायचं ते माहीत आहे’, ‘करून दाखवतो’ अशा पायऱ्या आहेत. ऑनलाइन पाठ दुसऱ्या पायरीपर्यंत नेतो. तिसरी वॉर्डातच चढावी लागते. हे पाठाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकलं.

मंच मूडल, क्लिपवर प्रश्न बसवायला एचफाइव्हपी. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, आणि मूडलच्या मोबाइल अ‍ॅपवर पाठ आधी उतरवून ठेवला की नेट नसतानाही चालतो. ग्रामीण केंद्रावरच्या पोस्टिंगसाठी हे लागणारच.

१४ जून

तयार साहित्य चाळलं. बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलचं ओपनपेडिअ‍ॅट्रिक्स, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचं पेड्सकेसेस आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं लर्न पेडिअ‍ॅट्रिक्स या तिन्हींत तपासणीची पद्धत आणि विचाराची मांडणी चांगली आहे. पण जसंच्या तसं विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण लसीकरणाची. अमेरिकी वेळापत्रकात जन्मतः बीसीजी नाही, तोंडावाटे पोलिओ नाही, आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) बाराव्या महिन्यानंतर आहे. आपल्याकडे जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. ६, १०, १४ आठवड्यांना पोलिओचे थेंब, पेंटाव्हॅलंट, रोटा. ६ आणि १४ आठवड्यांना न्यूमोकोकल आणि पोलिओचं अंशमात्र इंजेक्शन. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर (गोवर-रुबेला), न्यूमोकोकलचा बूस्टर, आणि जानेवारी २०२३ पासून अंशमात्र पोलिओ इंजेक्शनचा तिसरा डोस. बाहेरच्या पाठातलं वेळापत्रक डोक्यात बसलं की लसीकरणाच्या ओपीडीत नऊ महिन्यांच्या बाळाला ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवलं जाईल. म्हणून बाहेरच्या कुठल्याही पाठाचा लसीकरणाचा भाग वापरायचा नाही.

दुसरी अडचण एककांची. कॅनडाच्या पाठात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये असते. १८ ने गुणलं की आपले मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येतात. बिलिरुबिन मायक्रोमोलमध्ये असतं, ते १७.१ ने भागायचं. अशा प्रत्येक दुव्याखाली ही ओळ टाकली.

परवाने बारकाईने पाहावे लागले. ‘बदल करू नयेत’ अशी अट असलेल्या व्हिडिओला मराठी आवाज देता येत नाही, कापून एक तुकडाही वापरता येत नाही. फक्त दुवा द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या अखेरीपासून आपली प्रकाशनं खुल्या परवान्याखाली आणली. त्यांचं अव्यावसायिक भाषांतर चालतं, मात्र ‘हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही’ ही सूचना छापावी लागते. मुलांच्या रुग्णालयीन उपचारांचं त्यांचं पॉकेट बुक २०१३ चं, म्हणजे त्याआधीचं. त्यातले तक्ते उचलायचे नाहीत, पान क्रमांक देऊन वाचायला सांगायचं.

स्तनपानाच्या पकडीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची आरोग्य आणि पोषणाची मालिका मराठीत आहे. ती थेट जोडली. वेगळं काही करायची गरज नाही.

२१ जून

श्वासाच्या क्लिप. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार, आणि जायलाच हवा. बाळाचा न्यूमोनिया स्टेथोस्कोप लावण्याआधी नजरेने सापडतो, आणि न सापडण्याची किंमत बाळ मोजतं.

मर्यादा ठरलेल्या आहेत: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १२ महिने ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. मोजायचं पूर्ण साठ सेकंद. तीस सेकंद मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. थोडा वेळ भरभर, मग संथ, मध्येच क्षणभर थांबा. कुठले तीस सेकंद हाती लागतील त्यावर उत्तर बदलतं. दोन महिन्यांखालच्या बाळात आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा मोजायचं.

म्हणून क्लिप न कापलेली, सत्तर सेकंदांची. पहिले पाच सेकंद नजर स्थिरावायला, मग साठ, शेवटचे पाच मोकळे.

बाळ शांत हवं, झोपलेलं असलं तर उत्तम. रडणाऱ्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाची क्लिप घ्यायची नाही, त्यातला श्वास खोटा असतो. झबलं छातीवर पूर्ण वर, लंगोट बेंबीच्या खाली. पंखा आणि एसी बंद, काम झालं की लगेच पांघरूण. मोबाइल स्टँडवर, बाळाच्या पायाकडून तिरपा, बरगड्यांच्या खालच्या कडेच्या उंचीला. छाती आणि पोट दोन्ही चौकटीत हवेत.

पहिल्या खेपेच्या क्लिप बाद कराव्या लागल्या. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे होती, उजेड समोरून पडत होता, आणि छाती कागदासारखी सपाट दिसत होती. उजेड बाळाच्या बाजूने घेतला तेव्हा फरक पडला. श्वास आत घेताना खालच्या बरगड्यांच्या कडेला जो खळगा पडतो त्यात सावली भरते, श्वास सोडला की ती पुसली जाते. ती सावली दिसली तरच क्लिप ठेवायची. छाती आत ओढली जाणं म्हणजे छातीची खालची भिंत प्रत्येक श्वासाला आत जाणं. नुसत्या दोन बरगड्यांमधली कातडी ओढली जात असेल, किंवा रडतानाच खळगा पडत असेल, तर ते यात धरायचं नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या क्लिप शेजारीशेजारी ठेवल्या.

चौकटीच्या कोपऱ्यात चालतं स्टॉपवॉच ठेवायचं. का, ते २४ तारखेच्या नोंदीत.

संमती: छापील पत्र मराठीत, आईसमोर वाचून दाखवायचं. नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडणार नाही, आणि नंतरही क्लिप काढून टाकायला सांगता येईल, हे तोंडी सांगायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक आहे, पालकांची संमती लागतेच. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी त्याआधी. डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपत नाही, तेव्हा चेहरा चौकटीतच घ्यायचा नाही. मनगटाची पट्टी, केसपेपर, नाव कोरलेलं लॉकेट बाहेर. आवाज पूर्ण काढायचा, कारण आई बाळाला नावाने हाक मारते. फाइलमधली ठिकाणाची माहिती पुसायची.

ऑक्सिजन लावायला उशीर करून एकही क्लिप घ्यायची नाही. क्लिप राहिली तर राहिली.

२४ जून

मोबाइलवरची फाइल सेकंदाला १७ मेगाबिट दराने येते, म्हणजे मिनिटाला सुमारे १२७ एमबी. हॉस्टेलच्या नेटवर हे उघडणार नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरने ४८० ओळींवर आणि ६०० किलोबिट दरावर आणली की मिनिटाला साडेचार एमबी होते. श्वास मोजायला एवढी स्पष्टता पुरते. ३६० ओळींवर मात्र सावलीची कड विरघळते, त्याखाली जायचं नाही.

आता स्टॉपवॉचचं कारण. मोबाइल कमी उजेडात चौकटींचा (फ्रेमचा) वेग आपोआप कमीजास्त करतो. एडिटिंगचं एखादं सॉफ्टवेअर तो वेग स्थिर आहे असं धरून फाइल बनवतं, आणि साठ सेकंदांची क्लिप त्रेसष्टची होते. बघणाऱ्याला काही कळत नाही, आकडा मात्र बदलतो. प्रक्रिया झाल्यावर कोपऱ्यातलं घड्याळ आणि प्लेअरचं घड्याळ जुळवून पाहायचं. विद्यार्थ्याने क्लिप दुप्पट वेगाने लावली तर तेही त्याच घड्याळावरून त्याच्या लक्षात येतं.

खरा आकडा ठरवण्यासाठी दोन शिक्षकांनी स्वतंत्र मोजायचं. दोनपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्याने, अर्ध्या वेगाने. तरीही जुळलं नाही तर क्लिप रद्द.

प्रश्नांच्या बँकेत एक चूक जवळजवळ निसटली होती. संख्येच्या प्रश्नाला मूडलमध्ये अधिक-उणेची सवलत देता येते. सगळ्या क्लिपना तीनची दिली होती. आठ महिन्यांच्या बाळाची क्लिप, खरा आकडा ५१. तीनच्या सवलतीत ४८ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळाले असते, आणि ४८ म्हणजे ‘जलद श्वास नाही’. बाळ न्यूमोनियाचं, विद्यार्थी पास. आता मर्यादेजवळच्या क्लिपना सवलत एकचीच, आणि ‘जलद आहे की नाही’ हा प्रश्न वेगळा, त्याचे गुणही वेगळे.

आणखी एक. मराठी कीबोर्ड लावलेल्या फोनवरून ‘५१’ देवनागरीत टाइप झालं तर मूडल ते संख्या म्हणून स्वीकारत नाही. बरोबर उत्तर चूक ठरतं. प्रश्नाखालीच ठळक सूचना टाकली: आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका. एक्सेलमधून मराठी प्रश्न चढवताना फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवायची, नाहीतर सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन येतात.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी, मध्य भागातले रस्ते बंद. चित्रीकरण नाही.

गरोदरपणी झिका झाला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं, म्हणून एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्यापासून विद्यार्थी डोक्याच्या घेराबद्दल विचारत आहेत. वाढीच्या पाठात तो भाग घातला. न ताणणारी टेप, पुढे भुवयांच्या वर, मागे डोक्याच्या सर्वात बाहेर आलेल्या भागावरून, तीनदा मोजून सगळ्यात मोठा घेर धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाच्या उणे २ एसडीखाली (एसडी म्हणजे प्रमाण विचलन) लहान डोकं, उणे ३ खाली गंभीर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे तक्ते तसेच लावायचे नाहीत, ही ओळ लाल अक्षरात.

८ जुलै

जुलाबाचा पाठ. पाऊस सुरू झाला की वॉर्ड याच बाळांनी भरतो, तेव्हा हा पाठ महिनाअखेरच्या आत उघडायला हवा.

पोटाच्या चिमटीची क्लिप जवळून घेतली. बेंबी आणि कुशी यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांच्या सपाट भागाने, टोकांनी नाही. टोकांनी धरलं की चिमटा बसतो आणि बाळ रडतं. चुणी अंगाच्या लांबीच्या दिशेने उभी हवी. आडवी धरली तर सगळे थर नीट उचलले जात नाहीत. कातडी आणि खालचा थर एक सेकंद उचलून सोडायचा. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ चुणी उभी राहिली तर ‘खूप हळू’. क्षणभरच दिसून जिरली तर ‘हळू’. सेकंदाला २५ चौकटींच्या क्लिपमध्ये दोन सेकंद म्हणजे ५० चौकटी, म्हणून स्पष्टीकरणात क्लिप चौकट-चौकट पुढे नेऊन दाखवली. सोडल्याबरोबर चुणी दिसते, दहाव्या चौकटीला कड मऊ होते, पंचविसाव्याला नुसती रेघ उरते. ‘हळू’ आणि ‘खूप हळू’ यांतला फरक शब्दांत कितीही सांगितला तरी कळत नाही. इथे पडदा पुस्तकापेक्षा सरस आहे. कुपोषित बाळात कातडी तशीही सैल असते आणि गुटगुटीत बाळात डिहायड्रेशन असूनही चुणी पटकन बसते. दोन्हींची एकेक क्लिप हवी. गुटगुटीत बाळाची अजून मिळालेली नाही.

ओआरएसचा भाग विद्यार्थी सोपा समजून सोडतात, आणि घरी चूक इथेच होते. २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) २४५, सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागून येतं, म्हणून हे प्रमाण सांभाळायचं.

दुकानात एक लिटरची मोठी पुडीही मिळते आणि २०० मिलिची छोटीही. मोठी पुडी एका पेल्यात ढवळली तर पाचपट खारट पाणी पोटात जातं आणि रक्तातलं सोडियम चढतं. त्यामुळे पाठात पुडीच्या मागच्या बाजूचा फोटो देऊन प्रश्न विचारला: ही पुडी किती पाण्याची? टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून आणली जातात. त्यांत साखर जास्त असली तर ती आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. खोक्यावरचं नाव न पाहता साखरेचा आकडा वाचायला शिकवलं.

प्लॅन बीचं, म्हणजे काही प्रमाणात डिहायड्रेशन असलेल्या बाळाच्या ओआरएसचं गणित: ७५ मिलि प्रति किलो, चार तासांत. नऊ किलोच्या बाळाला ६७५ मिलि. इथवर सगळ्यांना येतं. मग विचारलं, आईला काय सांगाल? ‘६७५ मिलि द्या’ हे उत्तर चूक धरलं. २०० मिलिच्या पेल्याने साडेतीन पेल्यांना थोडं कमी, दर एक-दोन मिनिटांना एक चमचा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा हळू. असं सांगितलं तरच ते पाणी पोटात जातं. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, वर २०. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. आया गोळी तिसऱ्या दिवशी बंद करतात, तेव्हा तसं का करायचं नाही हेही विद्यार्थ्याला समजावता यायला हवं.

१५ जुलै

आईला प्रश्न विचारण्याचा भाग. बाहेरच्या पाठात याला पर्याय नाही, सगळा इथेच करावा लागतो.

पुस्तकातलं ‘बाळ सुस्त आहे का?’ असं विचारलं की बहुतेक आया हो म्हणतात. ‘हाक मारली, हलवलं तर डोळे उघडून बघतो का?’ असं विचारायचं. ‘सगळं ओकतो का?’ याऐवजी ‘पाणी, दूध, जे काही देता ते सगळंच बाहेर पडतं का? थोडंसुद्धा टिकत नाही?’ पाजल्यावर ओठांतून दोन घोट दूध येणं याला आया ‘दूध टाकतो’ म्हणतात, कधी ‘उलटी’ही म्हणतात. दोन्हींचा अर्थ वेगळा. ‘पोट उडतंय’, ‘धाप लागलीय’, ‘छाती भरलीय’ हे ऐकलं की पुढचा प्रश्न विचारण्याआधी झबलं वर करून श्वास मोजायचा. ‘टाळू खाली गेलीय’ हे आईने सांगितलं तर गंभीरपणे घ्यायचं, तिचा हात रोज त्या टाळूवर तेल घालतो.

मराठी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक वाक्य आवाजात दिलं, संथ आणि नेहमीच्या अशा दोन वेगांत. शिवाय ‘बाळाला काय काय देता?’ या प्रश्नात गुटी, मध, वरचं दूध, ग्राइपवॉटर वेगवेगळं विचारायचं. ‘फक्त अंगावरचं’ असं सांगणाऱ्या घरातही बाळगुटी चालू असते, आणि गुटी कोणी ‘बाहेरचं’ मानत नाही. विचारताना स्वरात आरोप आला की पुढचं काही कळत नाही. म्हणून त्याच प्रश्नाचं चांगलं आणि वाईट अशी दोन्ही ध्वनिमुद्रणं ठेवली.

मुद्रण सकाळी नऊच्या आत. संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला आहे, नदीपात्राकडून येणारा ठोका बंद खिडकीतूनही मायक्रोफोनमध्ये उतरतो.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी, शाळा बंद. मुळशीतली चाचणी पुढे ढकलली. जुलाबाचा पाठ ठरल्याआधीच खुला केला. पूर ओसरला की रुग्ण येतील.

२९ जुलै

नेट नसलेल्या केंद्रासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मूडलबॉक्स लावला, म्हणजे मूडल त्याच्याच वाय-फायवर चालतं. पाय ४, चार जीबीचा, ६४ जीबी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. मोबाइलचा जुना चार्जर लावला तर व्होल्टेज पडतं आणि क्लिप मध्येच अडकते. वाय-फायवर एका वेळी दहा-बारा फोन, त्यापुढे नाही. तुकडी दोन गटांत बसवायची.

चाचणीत प्रश्नमंजुषा उघडेना. ‘अजून सुरू झालेली नाही’ असा संदेश. कारण घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. नेट नसेल तर बंद केल्यावेळची तारीख धरून तो पुन्हा सुरू होतो. आज त्याच्या लेखी २३ जुलै होती. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल बसवलं. हे घेताना पाहायचं: काही मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं आणि सोबत चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल येतो. तो तसाच लावला तर फुगू शकतो. एक तर चार्जिंगची वाट तोडायची, किंवा चार्ज होणारा एलआयआर२०३२ घालायचा.

वीज गेली की कार्डावरची फाइल बिघडते. चार्जर आणि पाय यांच्यामध्ये पॉवरबँक लावून उपयोग होत नाही, बऱ्याच पॉवरबँका चार्जर काढताक्षणी पुरवठा क्षणभर तोडतात आणि पाय पुन्हा सुरू होतो. पाठ पूर्ण भरलेल्या पॉवरबँकेवरच चालवायचा, चार्जिंग रात्री.

५ ऑगस्ट

वाढीचा तक्ता. इथे संगणक आपोआप बिंदू मांडून देतो, आणि नेमकं तेच बंद ठेवलं. आधी माता बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यावर पेन्सिलीने मांडायचं, फोटो चढवायचा, मग डब्ल्यूएचओ अँथ्रो सॉफ्टवेअरचं उत्तर दिसेल. चुका मुख्यतः तीन ठिकाणी. वय: १८ नोव्हेंबर २०२३ चं बाळ ५ ऑगस्टला आठ पूर्ण महिन्यांचं, विद्यार्थी ‘नववा चालू’ म्हणून नऊवर मांडतात. लांबी: दोन वर्षांखाली आडवी मोजायची, उभी मोजली असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे, आणि दोन वर्षांपुढच्या मुलाची आडवी मोजली असेल तर तेवढेच वजा करायचे. अपुरे दिवस: ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या वयातून आठ आठवडे वजा, दोन वर्षांचं होईपर्यंत.

दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षं: ११५ मिलिमीटरखाली तीव्र कुपोषण, ११५ पासून १२५ खाली मध्यम. टेप किती ओढायची हे क्लिपमध्ये शिकवता येत नाही. कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. प्रयत्न केला, सोडून दिला. वॉर्डातलं काम म्हणून ठेवलं: दोन विद्यार्थ्यांनी एकाच बाळाचा दंड एकमेकांना न सांगता मोजायचा.

१२ ऑगस्ट

कावीळ या पाठांत घ्यायची नाही, हा निर्णय पक्का. तोच फोटो तीन फोनवर पाहिला; एकावर बाळ पिवळं, दुसऱ्यावर गुलाबी, तिसऱ्यावर रात्रीचा मोड चालू म्हणून सगळीच पिवळी. सावळ्या कातडीवर तर आणखी अवघड. कावीळ दिवसाच्या उजेडात, कातडी बोटाने दाबून, खऱ्या बाळावरच पाहायला शिकायची.

छातीचे आवाज ठेवले, पण इअरफोनशिवाय ऐकायचे नाहीत. फोनच्या स्पीकरला खालच्या पट्टीतले आवाज झेपत नाहीत. ऑनलाइन मीटिंगमध्ये ऐकवताना सॉफ्टवेअरची आवाज-गाळणी मर्मरला (हृदयाच्या ठोक्यांमधल्या जादा आवाजाला) गोंगाट समजून पुसून टाकते. ती बंद केल्याशिवाय वर्ग सुरू करायचा नाही.

२० ऑगस्ट

पाठ संपवलेल्या तुकडीची वॉर्डात प्रत्यक्ष चाचणी. आकडे बरे आले. श्वास मोजताना मात्र बऱ्याच जणांनी झबल्यावरूनच मोजलं. क्लिपमध्ये बाळ आधीच उघडं होतं, त्यामुळे झबलं वर करायचं असतं हे कोणी शिकलंच नव्हतं. चूक आमच्या क्लिपची. श्वासाच्या सगळ्या क्लिपच्या आधी वीस सेकंदांचा भाग जोडायचा: हात धुणं, आईला विचारणं, झबलं वर करणं, थांबून बाळ शांत होऊ देणं.

आणखी एक गोष्ट दिसली. घड्याळाकडे बघत मोजणाऱ्यांचे श्वास सुटतात. एकाने वेळ धरायची, दुसऱ्याने नजर पोटावरून न हलवता मोजायचं.

२ सप्टेंबर

डोसचा पाठ. पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, आठ किलोचं बाळ, १२० मिलिग्रॅम. ५ मिलित १२५ असलेल्या सिरपचे ४.८ मिलि, ५ मिलित २५० असलेल्याचे २.४, आणि १ मिलित १०० असलेल्या थेंबांचे १.२. थेंबांच्या बाटलीतून एक चमचा दिला तर ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीपेक्षा जास्त. त्यामुळे ‘किती मिलि?’ या प्रश्नासोबत बाटलीच्या लेबलचा फोटो सक्तीचा. फोटो न उघडता उत्तराची चौकट उघडत नाही. औषधाची चिठ्ठी लिहिताना मिलिग्रॅम, मिलि आणि बाटलीची तीव्रता तिन्ही लिहायला लावलं. घरातला चमचा माप म्हणून चालणार नाही, बाटलीसोबतचं टोपण किंवा सिरिंज.

उपशीर्षकं व्हिडिओवर छापायची नाहीत, वेगळी व्हीटीटी फाइल जोडायची. छापताना जोडाक्षरं फुटतात, आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं नंतर दुरुस्त करता येत नाही.

२३ सप्टेंबर

गणपतीनंतरची पहिली तुकडी. श्वासाच्या नव्या क्लिप बसवल्या. मर्यादेच्या अगदी कडेवरच्या क्लिप अजून कमी आहेत: दोन महिन्यांखालच्या बाळाची ५८ ते ६२ मधली एकही नाही, आणि विद्यार्थी अडखळतात ते तिथेच. पुढच्या दोन महिन्यांत त्याच गोळा करायच्या. चिमटीच्या संचात गुटगुटीत बाळाची क्लिप मिळाली. सात महिने, डोळे खोल, पाणी घटाघटा पिणारं, चुणी मात्र सोडताच बसते. दोघांनी स्वतंत्र पाहून ‘काही प्रमाणात डिहायड्रेशन’ असंच लिहिलं. आईची संमती घेतली, आवाज काढला, बँकेत घातली.